अंगात कोण आलंय

मेटकरी वस्तीवर एक नियम होता आणि तो मोडायची छाती कुणाची नव्हती. दादासोच्या अंगात देव आला की त्याला हात लावायचा नाही. बाईमाणसानं तर नाहीच नाही. त्याची बायको तानुबाई लग्न होऊन आली त्याच वर्षी सासूनं तिला चुलीपुढं बसवून हे सांगितलं होतं. एरवी तू त्याची बायको, पण चैतातल्या जत्रेला ढोल सुरू झाला की तो बिरोबाचा. तेवढा वेळ लांब राहायचं, हात लागला तर घर बसतं. तानुबाई राहिली लांब. वर्षातनं एकदाच तर राहायचं होतं, तेही घटकाभर. याहून कितीतरी जास्त वेळ बायका नवऱ्यापासून लांब असतात, एका घरात राहूनसुद्धा.

वस्ती कवठे महांकाळच्या पूर्वेला, उघड्या माळावर. धनगरांची घरं, प्रत्येकाची थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरं. मधोमध बिरोबाचं देऊळ. जत्रेला दादासो घोंगडीवर बसायचा, कपाळभर भंडारा, समोर ढोलांचा ताफा. अंग थरथरायचं, मान झुकायची, आणि तो दोन-चार वाक्यं बोलायचा. पाऊस कुठल्या नक्षत्रात, ज्वारी साधेल का, मेंढरांवर रोग येईल का. हीच वर्षाची भाकणूक. ती लोकांना उलगडून सांगायचं काम नानासोचं. नानासो म्हणजे दादासोचा चुलतभाऊ, देवळाचा कारभार त्याच्याकडं. तो उलगडायला लागला की देवालाही माहीत नसलेल्या गोष्टी त्यातनं निघायच्या.

जत्रा संपली की दादासो पुन्हा आपला साधा माणूस. बोलणं मोजकं, जिलेबी दिसली की मात्र लहान पोरासारखा. पाठमोरा बसूनही कुठलं मेंढरू खोकलं ते सांगायचा. भांडण म्हणून त्याला जमत नसे. त्याच्या वाट्याचंसुद्धा भांडण तानुबाईलाच करावं लागायचं.

दिवाळी झाली की वस्तीवरची मेंढरं कृष्णाकाठी उसाच्या रानात जायची. पूर्वी चालत, आता टेम्पोतनं. टेम्पो नानासोच्या मुलाचा, अमृतचा. त्या वर्षी मेंढरं चढवताना टेम्पोचा मागचा लोखंडी फाळका निसटला आणि दादासोच्या कमरेवर बसला. मिरजेला नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला. हाड शाबूत होतं, पण मार कण्याजवळ होता. पट्टा दिला, दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, “थोडेच दिवस घ्या. मग परत दाखवायला या.”

पाकिटावर तांबडी रेघ असलेली पांढरी गोळी. पहिल्या गोळीनंतर दादासो भिंतीला टेकून बसला आणि हसला.

“तानू, डोक्यात लोकर भरल्यावानी वाटतंय बघ. लय बरं वाटतंय.”

इतकी वर्षं उन्हातान्हात फिरलेल्या माणसाला बरं वाटलं तर कुणाला वाईट वाटेल? तानुबाईला आनंद झाला. परत दाखवायला जायचं मात्र राहून गेलं. गोळ्या संपल्या, तेव्हा तालुक्यातल्या एका दुकानातनं जुन्याच चिठ्ठीवर नव्या आणल्या. दुकानदार ओळखीचा होता, आणि ओळखीच्या माणसाला नाही म्हणायची आपल्याकडं पद्धत नाही. मग एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या किती झाल्या ते तिला कळलं नाही.

रात्री झोप येईना म्हणून तो कुशी बदलायला लागला, तेव्हा तानुबाईनं त्याला स्वतःची गोळी दिली. इस्लामपूरला तिची बहीण वारली, त्यानंतर तिची झोप उडाली होती. तिथल्या डॉक्टरनं बारकी झोपेची गोळी दिली होती, ती चालूच राहिली होती. आधी तिनं अर्धी मोडून दिली, मग अख्खी. वस्तीवर गोळ्या लोणच्यासारख्या एकमेकांना दिल्या जातात. माझ्या गुडघ्याला गुण आला, तूपण घेऊन बघ. थंडीत खोकला झाला तेव्हा कुणीतरी औषधाची बाटली आणून दिली, तीही उशाशी राहिली. दुखण्याच्या गोळ्या दादासो कमरेच्या भंडाऱ्याच्या पिशवीत ठेवायचा, कारण ती पिशवी कधी विसरत नसे. गोळ्या पिवळ्याधमक निघायच्या आणि तो त्या देवाचं नाव घेऊन गिळायचा.

हळूहळू तो बसल्या बसल्या डोळे मिटायला लागला. जेवताना हातातला घास हातातच राहायचा. अंग खाजवायचा. पोट साफ होत नाही म्हणून कुरकुरायचा. मध्येच विचारायचा, “मी गोळी घेतली का गं?” आणि तिला माहीत नसलं की दुसरी घ्यायचा.

आणि मग फाल्गुनातली ती दुपार आली. मेंढरं माघारी आली होती आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रात बसवली होती. दादासो अंगणात घोंगडीवर पडला होता, डोळे अर्धे मिटलेले. नानासो कामासाठी आला होता. दादासो एकाएकी पुटपुटला, “वढ्यातनं वर काढा. मेंढरं वर काढा.” आभाळात ढगाचं नाव नव्हतं. नानासोनं त्याच्याकडं बघितलं, कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि पोरांना हाक मारून मेंढरं वर काढायला लावली. संध्याकाळी अवकाळी आला. गारा पडल्या, ओढा दोन्ही काठांनी वाहिला. शेजारच्या वाडीची मेंढरं वाहून गेली. मेटकरी वस्तीचं एक कोकरूही भिजलं नाही.

झालं. दुसऱ्या दिवसापासनं लोकांचे पाय या अंगणाकडं वळले.

तानुबाईनं त्याला विचारलं होतं, “तुमाला कसं कळलं वं?” तो म्हणाला, “काय कळलं?” त्याला बोलल्याची आठवणच नव्हती. हे ऐकून नानासोची खात्रीच पटली. देव बोलला की माणसाला आठवत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तानुबाईला हेही माहीत होतं की काल रात्री जेवलेलंसुद्धा त्याला आठवत नव्हतं. एकदा वाटायचं, गोळीची गुंगी आहे, बाकी काही नाही. मग ओढ्याचा तो तांबडा लोंढा आठवायचा आणि वाटायचं, गुंगीला गारा कशा कळल्या? तिला दोन्ही पटायचं, आणि हीच तिची पंचाईत होती. एकच पटलं असतं तर बरं झालं असतं.

चैतातल्या जत्रेला दादासो कधी नव्हे एवढा बोलला. अर्धं कुणालाच समजलं नाही, त्यामुळं नानासोला उलगडायला भरपूर मिळालं. त्यानंतर दर रविवारी अंगणात माणसं बसायला लागली. कुणाची बोअर, कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाचा फौजेतला मुलगा. दादासो घोंगडीवर रेलून पुटपुटायचा. पहाटे उठून मेंढरांकडं जाणं बंद झालं होतं. जिलेबी आणली तरी तो बघायचा नाही. ज्या माणसाला भांडण येत नव्हतं तो पाकीट सापडलं नाही की तिच्या अंगावर ओरडायचा, आणि तासाभरानं तिला विचारायचा, “रडत का बसलीस?”

एकदा तिनं धीर करून नानासोला सांगितलं, “भावजी, ह्येंच्या गोळ्या लय झाल्यात. त्येच्यानंच ह्ये असं हुतंय.”

“वयनी,” नानासो म्हणाला, “गोळ्या तालुक्यात समदीच खात्यात. कुणाला गारपीट कळली?”

तानुबाई चहा ठेवायला आत गेली.

आखाडातल्या एका रविवारी सकाळपासनं कंबर फारच धरली होती. त्यानं पिशवीतनं गोळ्या घेतल्या. खोकल्याची बाटली तोंडाला लावली. मग म्हणाला, “तुझी ती बारकी दे. जरा डोळा लागंल.” तिनं एक दिली. ती पाणी आणायला आत गेली तेवढ्यात त्यानं पाकिटातल्या आणखी काढून घेतल्या, हे तिला मागाहून कळलं. माणसं जमली. नानासो पुढं बसला. दादासो घोंगडीवर आडवा झाला आणि घोरायला लागला.

तानुबाई दारातनं बघत होती. घोरणं जड होतं, मधेच थांबत होतं. थांबलं की अंगणात शांतता पसरायची. मग एक मोठा श्वास यायचा.

“गप ऱ्हावा समदी,” नानासो दबक्या आवाजात म्हणाला. “आज द्येव लय लांबनं येतोय.”

एकानं दादासोच्या कपाळाला भंडारा लावला. दुसऱ्यानं आपल्या बोअरचं विचारून घेतलं. पुन्हा श्वास थांबला. या वेळी जास्तच वेळ थांबला. माणसं हात जोडून बसली. कुणाच्या मनात शंका आली नाही असं नाही, पण ज्याच्या मनात आली त्यानं शेजाऱ्याकडं बघितलं, आणि शेजारी हात जोडून बसला होता.

तानुबाईला त्याचे ओठ दिसले. भंडाऱ्याच्या पिवळ्या रंगाखाली ते काळेनिळे पडले होते. मेंढी व्याल्यावर एखादं कोकरू असंच पडतं, ना ओरडत ना हलत. त्याला तसंच ठेवलं तर ते जातं. तोंड पुसायचं, कुशीवर घ्यायचं, चोळायचं. हे तिनं जन्मभर केलं होतं. पण कोकराच्या अंगात देव येत नाही. ती उंबऱ्यावर उभी राहिली. सासू आठवली. घर बसतं म्हणाली होती, हात लावला तर. देव असला आणि मी हात लावला तर? नसला आणि नाही लावला तर? तिच्या डोक्यात नुसता गलबला झाला. विचार करून काही ठरलंच नाही, तोवर ती अंगणात जाऊन पोचली होती.

तिनं त्याला कुशीवर वळवलं. गालावर चापट मारली, पाठ चोळली, छातीवरनं मूठ घासली. “आवं! आवं, उठा!”

“वयनी, हात काढा!” नानासो ताडकन उठला. “द्येव हाय अंगात!”

“द्येव आसंल तर माझं काय करायचं त्ये करू दे,” ती ओरडली. “ह्येंचा श्वास कुठं हाय त्ये सांगा आदी!”

दादासोनं एकदा कण्हून श्वास घेतला. पुन्हा थांबला. सगळे नानासोकडं बघत होते आणि नानासो देवळाकडं. तेवढ्यात अमृतनं बापाला न विचारता टेम्पो अंगणाशी आणला आणि फाळका खाली टाकला. चौघांनी घोंगडीसकट दादासोला उचललं. देवाला हात लागलाच होता, आता चौघांचा काय आणि दहांचा काय.

तालुक्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावून त्याला मिरजेला धाडलं. तिथं इंजेक्शनं झाली, नळ्या लागल्या. तरुण डॉक्टरीणबाई घाईघाईनं विचारत होत्या, “काय काय घेत होते हे?”

तानुबाईच्या तोंडून निघालं, “ह्येंच्या अंगात येतं, बाई.”

त्या हसल्या नाहीत. “आई, अंगात येतं ते राहू द्या. पोटात काय काय गेलंय ते सांगा.”

तिनं त्याच्या कमरेची पिशवी सोडली आणि टेबलावर उपडी केली. भंडाऱ्यात लोळलेल्या गोळ्या घरंगळल्या. मग तिनं पदराच्या गाठीतलं आपलं पाकीट काढून शेजारी ठेवलं. ते पाकीट निम्म्याहून रिकामं होतं. बाईंनी समजावलं. दुखण्याची ही गोळी, झोपेची गोळी आणि ते खोकल्याचं औषध, यातलं प्रत्येक श्वास थोडा थोडा मंद करतं. तिन्ही एकत्र आली की माणूस झोपेतच श्वास घ्यायचं विसरतो. अजून थोडा वेळ गेला असता तर काही हातात राहिलं नसतं.

ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, “आन् गारपीट कशी कळली?” बाईंना काहीच समजलं नाही. त्या दुसऱ्या पेशंटकडं गेल्या.

जीव वाचला, पण सवय सुटायची होती. मुलगी समीक्षा कराडला लागून मलकापुरात नांदत होती, तिनं दोघांना आपल्याकडं नेलं. कराडच्या डॉक्टरांनी सांगितलं, एकदम बंद करायचं नाही, झटके येऊ शकतात. हळूहळू कमी करू. आणि तानुबाईकडं बघून म्हणाले, “तुमचीपण कमी करू, आजी.” तिला वाटलं होतं आपण फक्त सोबतीला आलो आहोत.

ते दिवस वाईट गेले. समीक्षाच्या घराच्या गॅलरीतनं हायवे दिसायचा. दादासो तिथं येरझाऱ्या घालायचा, घामाघूम व्हायचा, पाय आपटायचा. एकदा तिच्या पायाशी बसून म्हणाला, “द्येव मागतोय गं गोळी. मी न्हाई मागत.”

“द्येव कवापासनं गोळ्या खायला लागला?” ती म्हणाली. तो रडायला लागला. ती पण रडली, कारण तिला स्वतःलाही झोप नव्हती आणि तिचंही मन त्याच पाकिटाकडं धावत होतं. देव मागतोय म्हणायची सोय तेवढी तिला नव्हती. समीक्षानं पाकिटं कपाटात कुलपात ठेवली होती आणि दोघं म्हातारी त्या कपाटाकडं बघत बसायची.

दसऱ्यानंतर दोघं वस्तीवर परतली. दादासो वाळला होता, पण पहाटे उठून मेंढरांकडं जाऊ लागला. कंबर दुखायची, तो पट्टा बांधायचा, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करायचा तेव्हा पोरं हसायची. रविवारी माणसं आली. दादासोनं त्यांना चहा पाजला आणि मेंढरांच्या गप्पा मारल्या. पुढच्या रविवारी कमी आली. मग यायची थांबली. पाणवठ्यावर तानुबाई गेली की बायकांचं बोलणं तुटायचं. देव बोलत होता, हिनं हात लावून घालवला, असं त्यांचं मत झालं होतं. खोटं कसं म्हणावं, असं तिलाही अधूनमधून वाटायचं.

चैताची जत्रा आली. सकाळी नैवेद्याचे नारळ घेऊन माणसं घरी आली. तानुबाई थाळा रिकामा करत होती, तेव्हा नारळाखाली, भंडाऱ्यात अर्धं पुरलेलं तिला एक पाकीट सापडलं. तांबड्या रेघेचं. भरलेलं. कुणी ठेवलं कळायला मार्ग नव्हता. कुणालातरी बोलका देव परत पाहिजे होता. तिला एवढा संताप आला की थाळा उचलून फेकावा. तिनं पाकीट पदराच्या गाठीत बांधलं आणि बाकीचे थाळे, पिशव्या, दादासोची घोंगडी सगळं चाचपलं. आणखी काही सापडलं नाही. पण सापडलं नाही म्हणजे नव्हतंच असं थोडंच असतं? त्याला विचारायचा तिला धीर झाला नाही.

दुपारी ढोल घुमायला लागले. दादासो घोंगडीवर बसला. भंडारा उधळला. त्याचं अंग थरथरलं, मान झुकली, डोळे मिटले. आणि मग तो एकदम शांत झाला. हनुवटी छातीला टेकलेली, हात सैल.

“गप ऱ्हावा,” नानासो म्हणाला. ढोल थांबले.

बायकांच्या बाजूनं तानुबाईला त्याची छाती दिसत नव्हती, नुसती पाठीवर पांघरलेली घोंगडी दिसत होती. घोंगडी हलते का? हलली. की वाऱ्यानं हलली? ती उठली. कुणीतरी तिचं लुगडं धरलं, तिनं सोडवून घेतलं. साऱ्या जत्रेसमोर ती चालत गेली, खाली बसली आणि दोन्ही हातांनी त्याचा दंड धरून हलवला.

दादासोनं डोळे उघडले. ते स्वच्छ होते. श्वास तिच्या हातावर गरम लागला.

“तानू,” तो हळूच म्हणाला, “काय झालं?”

जत्रेत हलकल्लोळ उडाला. नानासो डोक्याला हात लावून मटकन बसला. त्या वर्षी मेटकरी वस्तीला भाकणूक मिळाली नाही.

दोघं घराकडं निघाली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. शेजारून चालणाऱ्यांनी वाट बदलली. वाटेत तिनं गाठ सोडून पाकीट दाखवलं.

“थाळ्यात गावलं ह्ये. म्हणलं, आजून कुणी दिलं आसंल. तुमी घेतलं आसंल.”

“न्हाई घेतलं.”

“मग द्येव व्हता?” तिनं विचारलं. “म्या खरंच घालवला?”

दादासो थांबला. कमरेवर हात ठेवून त्यानं माळाकडं बघितलं.

“मला कुठं कळतंय?”

“आवं, तुमालाबी कळंना?”

“गोळ्या न्हवत्या तवाबी कळत न्हवतं. ढोल वाजायचा, अंग हालायचं, तोंडातनं कायबाय यायचं. त्यो हाय का मीच हाय, इचारायचं कुणाला? डोळं उघडून बघावं तर समदी लांब. तूबी लांबच.” मग तो म्हणाला, “लय भ्या वाटायचं गं तवा.”

एवढ्या वर्षांत हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं, आणि तिनं कधी विचारलं नव्हतं. तानुबाईला त्याचं फार वाईट वाटलं, आणि स्वतःचंही. तिनं पाकीट पुन्हा गाठीत बांधलं, समीक्षाच्या कपाटाच्या कुलपासारखं घट्ट, आणि दुसऱ्या हातानं त्याचा दंड धरला.

“फुडल्या वर्साला मी जवळच बसते,” ती म्हणाली.

“नानासो वरडंल.”

“वरडू दे की.”